काटा काढा, वऱ्हाड ठेवा

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी साहित्य संमेलन झालं. दुपारच्या परिसंवादाला विषय होता, 'विनोदी कथेला बाजार उरला आहे का?' मंडप कारखान्याचा, जेवण बाजार समितीचं, खुर्च्या शिक्षण संस्थेच्या. बोलायला चौघे. तिघे बाहेरचे आणि एक मी. मला का घेतलं, तर पत्रिकेत एक स्थानिक नाव लागतं म्हणून.

तिघांनी मिळून बाजाराचं मयत उरकलं. एक म्हणाले, लोक वाचत नाहीत, मोबाईल बघतात. दुसरे म्हणाले, हल्ली कुणाच्याही भावना दुखावतात, त्यामुळं लिहिणाराचा हात आखडला. तिसरे म्हणाले, खेडं बदललं, ते इरसाल नमुने गेले, मग ग्रामीण विनोद येणार कुठून? पुढच्या रांगेत सोफ्यावर बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. माझी पाळी आली तेव्हा जेवणाला उशीर झाला होता. दहा मिनिटांची तीन झाली. तीन मिनिटांत मी उपस्थितांची नावं घेतली आणि खाली बसलो. राहिलेलं आता इथं लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाजार आहे. बाजार नाही असा दिवस मी साठ-पासष्ट वर्षांत पाहिला नाही. पण ह्या बाजारात गिऱ्हाईक कोण, माल कोण आणि काटा कुणाच्या हातात, हे त्या मंडपात कुणी काढलं नाही. काढणार कसं? मंडप कुणाचा होता ते वर सांगितलंच आहे.

विनोद विकत घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच दारात. सुगी झाली की बहुरूपी यायचा. आमच्याकडं त्याला रायरंदही म्हणतात. खाकी कपडे, कमरेला पट्टा, लाकडाचं पिस्तूल, हातात कसला तरी चुरगळलेला कागद. ते त्याचं वारंट. दारोदार उभा राहून तो गुन्हे वाचायचा. आमच्या दारात आला की म्हणायचा, ह्या घरच्या कोंबडीनं शेजारणीच्या उकिरड्यावर अंडं घातलं, मालकी हक्काचा प्रश्न उभा राहिला, दंड सूपभर जोंधळा. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि सूप आणायला आत जायची.

तोच बहुरूपी पाटलाच्या वाड्यापुढं गेला की पोरांची झुंड मागं. तिथं वारंट वेगळं निघायचं. गावातला एक बांध रात्रीचा चालतो, त्याला पाय फुटलेत, आणि पायात पायताणं आहेत ती ह्या वाड्यातली. पाटलानं कुणाचा बांध कोरला ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. बहुरूपी बोलायचा. आणि पाटील हसायचा. त्याला हसावंच लागायचं, कारण न हसला तर कबुली झाली असती. हसून तो दोन सुपं जास्त घालायचा. आता हिशेब बघा. माल बहुरूप्याचा, ऐकणारं गाव, आणि पैसे देणार कोण, तर ज्याच्यावर विनोद झाला तो. पण देणार ऐकून झाल्यावर, आणि चारचौघांत. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्या गावाची आरती ओवाळायची नाही मला. तेच वारंट खालच्या आळीत तितकं चालत नव्हतं. तिथं खरा पोलीस वरचेवर यायचा, त्यामुळं खोट्याचं हसू येत नव्हतं. त्या आळीचा विनोद निराळा होता, तो जलशातला. सत्यशोधकी जलसे म्हाताऱ्यांनी पाहिलेले, आंबेडकरी जलसे आमच्या बापाच्या पिढीनं. भट, सावकार, पाटील, कुणाला सोडायचे नाहीत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'अकलेची गोष्ट' लिहिली तीही ह्याच रक्ताची. आणि वरच्या आळीची थट्टा खाली लंगड्यावर, तोतऱ्यावर, काळ्या बायकोवर, विधवेवर पडायची तेव्हा तिला कुणी विनोद म्हणू नये, ती दांडगाई होती. पण वरच्याला खालून टोचणारं काहीतरी त्या गावात होतं, आणि त्याला जोंधळा मिळत होता.

मग छापलेला विनोद आमच्या घरात आला. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षरओळख नव्हती. पण दिवाळीत तालुक्याला गेले की एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून जुना, कोपरे मुडपलेला दिवाळी अंक निम्म्या किमतीत आणायचे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही चाल पडली असं पुढं शिकताना कळलं. मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१चा. त्यातली खिडक्यांची चित्रं आम्ही पोरं पांघरुणात कंदील घेऊन बघायचो. कापलेल्या पानातून एक दिसतं म्हणून कान गरम व्हायचे, आणि पान उलटलं की भलतंच साधं काहीतरी निघायचं. 'जत्रा' असायचा. मी वाचायचो, ओट्यावर दहा-बारा जण ऐकायचे. वाचणारा एक, ऐकणारे बारा आणि विकत घेतलेला अंक एक, तोही जुना. बाजाराच्या वहीत आमची नोंद शून्य. 'खेड्यात खप नाही' म्हणतात तो हा खप.

ह्या ओट्यावर मला एक गोष्ट दिसायला लागली, ती नीट कळायला मात्र फार वर्षं गेली. चिं. वि. जोशांचा चिमणराव वाचला की आण्णा हसायचे, कारण स्वतःच्या फजितीवर हसणारा कारकून त्यांना आवडायचा. कारकून स्वतःवर हसतो म्हणजे नवलच, असं म्हणायचे. पु. लं.चं 'बटाट्याची चाळ' १९५८चं. तेही चाळीतल्यांनीच डोक्यावर घेतलं. म्हणजे शहरातला विनोद शहर स्वतःवर करत होतं आणि स्वतःच विकत घेत होतं. माल आणि गिऱ्हाईक एकाच जिन्यात राहत होते. लेखकाला त्यांच्यासमोर उद्या पुन्हा जायचं होतं. त्यामुळं चिमणराव कितीही फजीत झाला तरी माणूस राहिला.

आमचं तसं झालं नाही. आमच्या विनोदाचा माल खेड्यात पिकला आणि गिऱ्हाईक शहरात बसलं.

इथं थांबून तीन माणसांना हात जोडतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल मास्तर थोरांवर उठले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. तिघे मिळून कथाकथन करत गावोगाव फिरले. आमच्या भागात ते आले तेव्हा लोक बैलगाड्या जुंपून गेले होते. कथा ऐकायला गाड्या जुंपणं, हा बाजार नव्हे तर काय? तिघेही अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईला, पाटील १९८५ला नांदेडला, मिरासदार १९९८ला परळीला. तेव्हा हसवणाऱ्याला मान नाही ही रडही खरी नाही. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. त्यांचा माणूस बोलायला लागला की आमचा ओटा गप्प व्हायचा, कारण तो आमच्यातलाच कुणीतरी असायचा. 'धिंड' ऐकून आण्णा पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "बिचारं." हसल्यावर 'बिचारं' म्हणावंसं वाटणं, ही माझी विनोदाची कसोटी अजून तीच आहे. शंकर पाटलांनीच 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य लिहिलं, निळू फुल्यांनी ते गाजवलं. त्यात सत्तेच्या खुर्चीला चिमटा होता आणि तिकीट काढून बघायला लोक होते.

माझं भांडण त्या तिघांशी नाही. त्यांच्या मागून जे दुकान उघडलं त्याच्याशी आहे. त्यांच्यात जे होतं त्यातलं फक्त पागोटं उचलून नेलं. मुखपृष्ठावर मिशीवाला, पोट सुटलेला इसम, शेजारी बोकड, मागं कंबर मोडून चालणारी बाई. आत कोण, तर इरसाल, बेरकी, अर्क, नग, वल्ली. ही विशेषणं नीट बघा. गावातला माणूस गावातल्या माणसाला कधी 'इरसाल नमुना' म्हणत नाही. तो त्याला चुलता म्हणतो, भाऊबंद म्हणतो, हरामखोर म्हणतो. नमुना म्हणायला माणूस काचेच्या बरणीत घालावा लागतो आणि बघणाराला बाहेर उभं राहावं लागतं.

मी हे दुसऱ्यांना सांगतोय खरा, पण त्या दुकानात मीही माल घातलाय. तेच सांगायला बसलोय.

१९८२ किंवा ८३ची गोष्ट. मी प्राथमिक शाळेत नोकरीला लागलो होतो आणि दोन-चार कथा छापून आल्यानं जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. त्या हंगामात आमचा ऊस गेला. आण्णांनी काय केलं, एक खेप आधी वाटेतल्या खाजगी काट्यावर घातली, पदरचे पैसे देऊन पावती घेतली, आणि मग कारखान्याच्या काट्यावर नेली. दोन्ही पावत्या घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "वाच." मी वाचल्या. दोन्हीत तफावत होती, थोडीथोडकी नव्हती. आण्णा म्हणाले, "आपल्या उसाला वाटंत भूक लागती वाटतं. सोताचंच वजन खातोय." मी म्हटलं, तक्रार करू. ते म्हणाले, "कर. आन फुडच्या साली तोडीची चिट्ठी तुझ्या शाळंत मागू." ऊस शेतात वाळवायचा असेल तर तक्रार करावी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी पावत्या टोपीत ठेवल्या आणि जनावरांना वाढं टाकायला गेले.

मी त्यावर कथा लिहिली. एक वऱ्हाड ट्रॉलीतून निघतं. ट्रॅक्टरवाला भाडं क्विंटलवर घेणारा, म्हणून सकाळी निघतानाच वऱ्हाड खाजगी काट्यावर घालून वजन घेतो. रात्री परतताना ट्रॅक्टर चुकून उसाच्या गाड्यांच्या रांगेत घुसतो आणि रेटारेटीत वऱ्हाडासकट कारखान्याच्या काट्यावर चढतो. पावती निघते. सकाळपेक्षा तीन क्विंटल कमी. लग्नाचं जेवून आलेलं वऱ्हाड उपाशी गेलेल्यापेक्षा हलकं! म्हणजे पाच माणसं गळाली. मोजतात तर सगळी हजर. काट्याचा कारकून म्हणतो, काटा खोटं बोलत नाही, तुम्हीच मोजायला चुकलाय. पुन्हा मोजतात. शोधाशोध होते, उसात बॅटऱ्या मारतात, पंचनामा होतो, हजर असलेली माणसं पंच म्हणून सह्या करतात. शेवटी रात्री दोनला शेतकी ऑफिसर तोड काढतो, की ज्यांच्या नावावर शेअर नाही असे पाच जण आलेलेच नाहीत असं धरावं. आणि ते पाच जण मान खाली घालून ट्रॉलीतून उतरतात आणि चालत घरी जातात.

ही कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. नाव सांगत नाही. संपादकांचं पोस्टकार्ड आलं. कथा झकास आहे, पण कारखान्याचा भाग वगळला तर घेता येईल. शेवटच्या ओळीत त्यांनीच गंमत केली होती, की काटा काढा, वऱ्हाड ठेवा.

मी काढला. चार दिवस लागले नाहीत, एका रात्रीत काढला. काटा गेल्यावर पाच माणसं हरवायला काहीतरी कारण पाहिजे, म्हणून दारू घातली. वऱ्हाड पिऊन ट्रॉलीतून उसात पडतं. एक मामा तोतरा केला. एका बाईचं लुगडं उसात अडकवलं. अंक निघाला. चाळीस रुपयांची मनीऑर्डर आली. शहरांतून अकरा पत्रं आली. त्यांपैकी सहांत एकच वाक्य थोड्याफार फरकानं होतं, की काय इरसाल माणसं हो तुमच्या गावची.

संध्याकाळी ओट्यावर वाचून दाखवली. माणसं हसली, नाही म्हणत नाही. तोतऱ्या मामाला तर फारच. आण्णा हसले नाहीत. बिडी विझली तरी तशीच धरून बसले होते. सगळे उठून गेल्यावर म्हणाले, "पिऊन पडलं व्हय वऱ्हाड?"

मी म्हटलं, "हां."

"आन काटा कुठाय?"

"काटा काढला, आण्णा."

"का? कुनाला टोचला?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर माझी कथा छापून आली की ते ओट्यावर बसायचे नाहीत, गोठ्यात काहीतरी काम काढायचे. चाळीस रुपयांना मी माझा सगळ्यात चांगला ऐकणारा विकला. बाजाराचा भाव मला तेव्हापासून पाठ आहे.

कुणी म्हणेल, एका संपादकानं केलं, त्यावरून बाजाराला कशाला शिव्या? म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पुढं मी स्वतः संपादक झालो. तालुक्याचा दिवाळी अंक आम्ही चार मास्तरांनी दोन वर्षं काढला. हजार प्रती. विक्रीतून कागदाचेसुद्धा पैसे निघत नव्हते. मग अंक चालतो कशावर? जाहिरातीवर. जाहिरात देणार कोण? कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षण संस्था. पाच दारं. पाचही दारांत नात्यागोत्याची तीच माणसं. आतल्या पानावर हात जोडलेला फोटो आणि खाली 'शुभेच्छुक'. पहिल्या वर्षी एका पोरानं पतसंस्थेच्या वसुलीवर फार सुंदर कथा दिली. गरिबाची शेळी जप्त करायला जीप येते आणि थोरल्या थकबाकीदाराच्या घरी तीच जीप जेवायला जाते. आम्ही चौघांनी ती वाचली, पोटभर हसलो आणि घडी घालून ठेवली. मला कुणी फोन केला नव्हता, कुणी दम दिला नव्हता. नुसतं पतसंस्थेचं अर्धं पान आठवलं. त्या पोराला मी पत्र लिहिलं, आणि लिहिताना माझाच हात थरथरला. वाक्य तेच होतं, फक्त काट्याच्या जागी जीप होती.

आता बहुरूपी आठवा. तेव्हाही पैसे ज्याच्यावर विनोद तोच देत होता. मग बिघडलं कुठं? पाटील आधी ऐकायचा आणि मग द्यायचा, तेही सगळ्यांच्या देखत. हे आधी देतात, ऑफिसात, चहा पाजून, आणि मग ऐकायची वेळच येत नाही. पाटलाची दोन सुपं म्हणजे दंड होता. ह्यांचं अर्धं पान म्हणजे अटकपूर्व जामीन आहे. विनोद मेला म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी हे पान उलटून बघावं.

राहता राहिले त्या तिघा वक्त्यांचे तीन मुद्दे.

मोबाईलमुळं लोक हसायचे थांबले? आमच्या गटात या. उसाचं बिल ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यावं असा १९६६चा ऊस नियंत्रण आदेश आहे. दर हंगामात पंधराव्या दिवशी सकाळी त्यावरचा पहिला विनोद येतो. रामालाही चौदाच सांगितली होती, पण ती वर्षं होती, कारखान्यानं कॅलेंडर तेच धरलंय, असा एक मागच्या साली फिरला. कुणी लिहिला कुणाला माहीत नाही. दुपारपर्यंत पंचक्रोशीत पोचला आणि संध्याकाळी मेला. लिहिणाराचं नाव नाही, त्याला जोंधळ्याचा दाणा नाही, आणि ज्याच्यावर लिहिला त्याला चारचौघांत हसावं लागलं नाही. विनोद जिवंत आहे, पण निनावी झालाय. तोंडाला फडकं बांधून फिरतोय. टीव्हीवरच्या विनोदाच्या कार्यक्रमांना आमच्या घरात सुना-नातवंडं जेवणाची ताटं घेऊन बसतात. ही भूक मेलेल्या माणसाची लक्षणं नव्हेत. दिवाळी अंक आता तीनशे-चारशे रुपयांना झालाय. तेवढे पैसे मोजून तेच पागोटं आणि तोच बोकड कोण घेणार?

भावना दुखावतात हा दुसरा मुद्दा. चाळीस वर्षं खेडवळाला बावळट, बेवडा, बाईलवेडा रंगवला तेव्हा कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या भावना कशा आहेत. आमच्या बायकांची लुगडी कथेकथेत उसात अडकली तेव्हा कुणाला काही टोचलं नाही. भावना दुखण्याची तक्रार नेहमी वरून येते. खालचा माणूस दुखलं तर 'आयला' म्हणतो आणि कामाला लागतो.

तिसरा मुद्दा, खेडं बदललं, विनोद सरला. ह्याच्या जोडीला आणखी एक मानभावी बोलणं असतं, की शेतकरी एवढ्या हालात असताना विनोद कसा सुचतो? माझं वय सतरा असताना ७२चा दुष्काळ पडला. आण्णा, आई आणि मी खडी फोडायला होतो. हातात सुकडीची पिशवी. त्या खडीवर जेवढा हसलो तेवढा नंतर कधी हसलो नाही. मस्टरवर गावातली मेलेली माणसं कामाला होती. मुकादम हजेरी घ्यायला लागला की आण्णा हळूच म्हणायचे, "म्हाताऱ्यानं जित्तेपनी कवा घन उचलला न्हाई, मेल्यावर सुधारला." पोटात अन्न नव्हतं म्हणून आम्ही हसत नव्हतो, आणि अन्न नव्हतं तरी हसत होतो असंही नाही. मस्टर लिहिणारा समोर उभा होता आणि त्याला ऐकू जात होतं, म्हणून हसत होतो. त्याच्या तोंडावरचा रंग बदलायचा ते बघणं हीच आमची दुपारची भाकरी. खेडं बदललं म्हणता, मस्टर बदललं का? काटा बदललाय, आता आकडे लाल दिव्यात दिसतात. लाल दिवासुद्धा खाऊ शकतो.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचाही ह्यात वाटा आहे. सत्तरनंतर गावातून शिकून आलेली आमची पिढी लिहायला लागली. आपल्यावर हसून घेतलं म्हणून आम्ही हसणंच टाकलं आणि दुःख लिहायला बसलो. दुःख खरं होतं. पण हसण्याचं दुकान आम्ही पागोटेवाल्यांच्या ताब्यात सोडून आलो, ही चूक झाली. शेतावरचा ताबा सोडला की काय होतं हे निदान आम्हाला तरी माहीत असायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कथांचा संग्रह काढायचं बोलणं झालं. प्रकाशक म्हणाले, तीनशे प्रती काढू, शंभर तुम्ही घ्या. मी म्हटलं, घेतो, पण 'वऱ्हाड' मूळची छापायची, काट्यासकट. ते म्हणाले, अहो, विनोदी कथा आहे ना ती, मग तक्रार कशाला आत? पुस्तक अडलं ते अजून तिथंच आहे.

तर मी काय केलं ते सांगून थांबतो. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला गेलो. ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पाऊण मैल तरी असेल. ड्रायव्हर, टोळीवाले शेकोटी करून बसले होते. आमच्या गावचे दोघं-तिघं निघाले. मला जागा दिली. मी म्हटलं, एक गोष्ट सांगतो. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती कथा जशी होती तशी सांगितली. काटा, कारकून, पंचनामा, शेअर नसलेले पाच जण, सगळं. मामा तोतरा नव्हता. मागच्या ट्रॉल्यांवरची माणसं उतरून जवळ आली. हसणं एवढं मोठं झालं की वॉचमन बॅटरी मारत आला, आणि काय झालं म्हणून विचारायच्या आधी त्यानंही शेवट ऐकला. तो हसला की नाही ते अंधारात दिसलं नाही. ते पाच जण मान खाली घालून चालत निघतात तिथं एक टोळीवाली बाई हळूच म्हणाली, "आगं बया." मला गोठ्यात वाढं टाकणारे आण्णा आठवले. ते आता नाहीत.

रांग पुढं सरकली. आमच्या गल्लीतला एक ड्रायव्हर उठला, ट्रॉलीच्या मोळीतून एक ऊस उपसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्तर, पाच न्हवं, सात करा. औंदा काटा ज्यास्त खातोय."

ऊस घेऊन घरी आलो. वही काढली आणि पाचाची सात केली.